कोट एक, दुपट्टा एक

फुलसावंगी,
ता. १५ नोव्हेंबर १९६१

प्रिय भगवान यास रामधनचा रामराम.

तुझा कोट पोचला. दिवाळीचा फराळ संपतो आणि तुझा कोट येतो, असा आता आमच्या घरी पायंडाच पडला आहे. या खेपेचा बाह्यांना थोडा आखूड आहे, पण अंगाला बसला. जमनी कोपरांना ठिगळ लावायला बसली होती. मी म्हटलं, "राहू दे, असाच बरा." ती म्हणाली, "तुमाले फाटकंच शोभते." अठरा वर्षं संसार केलेल्या बायकोशी वाद घालू नये, एवढं मी शिकलो आहे.

कोटाच्या खिशात घर-कर्जाचा फॉर्म मिळाला. तो वाचून मला घाम फुटला, आणि तोही कार्तिकात.

आपलं फुलसावंगीच्या शाळेत एका पाटावर बसायचो तेव्हापासून ठरलेलं आहे, की पुढं शेजारी राहायचं. आता तुमच्या गृहनिर्माण संस्थेनं यवतमाळात जोडघरं काढली. मध्ये एक भिंत, इकडे वानखडे, तिकडे आडे. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला असतील ते माझेच असतील. पंचफुला यंदा सातवीला आहे. पुढच्या वर्षी यवतमाळच्या शाळेत जायचं म्हणून तिनं आतापासून दप्तर शिवून ठेवलं आहे. तेव्हा घर तर हवंच. पण हा फॉर्म!

त्यात विचारलं आहे, 'मालकाचे नाव'. मी 'बैल' लिहिलं. खोटं नाही. बैल चालला तर मी जेवतो, बैल बसला तर मीही बसतो. पुढं 'मासिक वेतन'. आता बैलाच्या दलालाला कुठला महिना? त्याला बाजार असतो. एका बाजारात चार जोड्यांचा सौदा जुळला तर दोन्हीकडून दलाली मिळते. दुसऱ्या बाजारात एकही जुळला नाही तर घरून नेलेली भाकर खायची आणि परत यायचं. दिवाळीनंतर धंदा, पेरणीच्या आधी धंदाच धंदा, आणि आषाढ लागला की चार महिने माशा मारायच्या.

शिवाय आमचा आकडा दुपट्ट्याखाली चालतो, हे तुला माहीत आहे. दुपट्ट्याखाली घेणाऱ्याची बोटं धरायची, विकणाऱ्याची बोटं दाबायची. अवतीभवती अख्खा बाजार उभा असतो आणि किंमत तिघांशिवाय कुणाला कळत नाही. पंचवीस वर्षांत एक आकडा माझ्या तोंडून बाजारात पडला नाही. तो आता सरकारच्या रकान्यात पाडायचा?

फॉर्म सोबत परत पाठवतो. तू कचेरीतला माणूस. काय लिहायचं ते तूच सांग.

इंदूवहिनींना नमस्कार.

तुझा,
रामधन आडे


यवतमाळ,
ता. २४ नोव्हेंबर १९६१

प्रिय रामधन यास,
स. न. वि. वि.

'बैल' खोडला. कर्जाच्या कचेरीतल्या कारकुनानं तो शब्द मोठ्यानं वाचला आणि सगळी कचेरी हसली. मीही हसलो, राग मानू नको. त्या जागी 'स्वतंत्र व्यवसाय' असं लिहून दिलं आहे.

माझं काम दोन दिवसांत झालं, कारण माझ्याजवळ पगाराचा दाखला आहे. शिक्षण खात्यातला कारकून, महिना दीडशे. तो वर जात नाही, खाली येत नाही. कचेऱ्यांना असाच माणूस आवडतो. तुझ्याजवळ दाखला नाही, म्हणून गावंडे नावाचे इन्स्पेक्टर तुझ्या तांड्यावर येऊन चार माणसांना विचारतील आणि अहवाल देतील. माणूस सरळ आहे. कुणी काही लपवू नये.

अटी दोन आहेत. हप्ता महिना चाळीस रुपये, तेव्हा तो फेडण्याइतकी कमाई दिसली पाहिजे. आणि वर्षाची कमाई सहा हजारांच्या वर नको, कारण योजना लहान कमाईच्या लोकांसाठी आहे. दुसऱ्या अटीची आपल्याला काळजी नाही. मला पहिलीचीच आहे.

एकतीस मार्चच्या आत मंजुरी मिळाली नाही तर तुझा अर्धा भाग यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. मी चौकशी केली. त्याची लाकडाची वखार आहे आणि तो पहाटे चार वाजता उठून पेटी वाजवतो. वाजवायला शिकतो आहे म्हण. रामधन, आपल्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती नऊ इंचांची आहे. मला त्या माणसाच्या हवाली करू नको.

एक आणखी. हप्ता जड वाटत असेल तर आधी मला सांग. तुझ्या-माझ्यात लाज कसली? शाळेत तू 'आज भाकर विसरलो' म्हणायचास, तेव्हाही मला सगळं कळत होतं.

इंदूने पंचफुलासाठी दोन झगे ठेवले आहेत. जुने आहेत, पण धडके आहेत.

तुझा,
भगवान वानखडे


फुलसावंगी,
ता. १९ डिसेंबर १९६१

प्रिय भगवान,

घात झाला. आणि तो माझ्याच माणसांनी केला, तोही मायेपोटी.

गावंडे साहेब काल आले. तांड्यावर यायच्या आधी ते फुलसावंगीच्या हॉटेलात चहाला थांबले आणि सहज विचारून बसले, "रामधन आडे किती कमावतो हो?" झालं. आमच्या तांड्यातला देवीलाल तिथं भजी खात होता. भजी टाकून त्यानं सायकल पिटाळली. तांड्यावर येऊन ओरडला, "सायब आला! रामधनची कमाई इचारून राह्यला!"

आमच्या लोकांचं तुला माहीत आहे. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडले. नाक्यानाक्यावर कुणी ना कुणी साहेब हात पसरून उभा. तेव्हापासून तांड्याची एकच रीत आहे. साहेब कमाई विचारायला आला, की घरात काही नसतं. आणि कर्जाचं मी जमनीशिवाय कुणाला बोललो नव्हतो. कर्ज ही काय दवंडी पिटायची गोष्ट आहे?

मी महागावकडून परत आलो तर तांड्याच्या नायकाच्या, बाबूसिंगच्या अंगणात साहेबांसाठी खाट टाकलेली. मी कुडाआड थांबलो. पुढं व्हायला हवं होतं, पण माझ्या कानांना वाईट सवय आहे. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं त्यांना मध्येच तोडवत नाही.

साहेब विचारत होते, "हा आडे करतो काय?"

"काय करते बाप्पा," नायक म्हणाला, "बैलाच्या मांगं मांगं हिंडते."

"आणि कमाई?"

"कमाई? बैलाले कडबा तरी भेटते."

देवीलाल म्हणाला, "परवा माह्याच घरी जेवला बिचारा." हे खरं आहे. त्याच्या पोराचं नाव ठेवलं तेव्हा बोकड कापला होता, आणि मी दोनदा वाढून घेतलं होतं.

म्हातारी मानीबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "लहानपनापासून असंच लेकरू. अंगावरचा कोट पायजा सायब त्याच्या. कोनाचा तरी उतरलेला घालते."

मग जमनी बाहेर आली. भगवान, एवढी मोकळी जमनी मी लग्नापासून पाहिली नव्हती. केसातल्या चांदीच्या घुगऱ्या-टोपल्या गायब, हातात काही नाही. सगळं ज्वारीच्या कणगीत पुरून आली होती. म्हणाली, "सायब, दोन टाइम चूल पेटते, हेच देवाची मेहरबानी."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. खिशात हात घातला आणि पंचफुलाच्या हातावर खाऊला पाच रुपये ठेवले.

आता मात्र मी पुढं झालो. म्हटलं, "साहेब, मीच रामधन. हे सगळे खोटं सांगून राह्यले. मी चांगला कमावतो." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं. कोपरं पाहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "स्वाभिमान आहे तुम्हाला. चांगली गोष्ट आहे." आणि गेले.

रात्री जमनीला विचारलं, "तुले तं माहीत होतं! तू काहून असं बोलली?" ती म्हणाली, "भगवानभाऊनंच लिव्हलं होतं ना, कर्ज लहान कमाईवाल्यासाठी हाय म्हनून? जेवढी लहान सांगन तेवढं बरं." पंचफुलानं तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाई अर्ध्यातच भाकरी उलटायला उठली होती.

तू साहेबांना भेट आणि खरं काय ते सांग. मी खरंच बरा कमावतो.

तुझा,
रामधन


यवतमाळ,
ता. ३ जानेवारी १९६२

प्रिय रामधन,

गावंडे साहेबांनी मला अहवाल वाचायला दिला. स्वतःची अडचण तू गमतीनं लिहिलीस, हे तुझं मोठं मन. मी आणि इंदू आधी हसलो. मग इंदू म्हणाली, "अहो, अख्खा तांडा कसा खोटं बोलेल? आणि कोट तर आपण पाठवलेलाच आहे. तो भाऊजी खरंच घालतात." त्यानंतर आम्ही हसलो नाही.

साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "वानखडे, त्या माणसाला कर्ज देणं म्हणजे त्याच्या गळ्यात धोंडा बांधणं आहे." 

तेव्हा मी आणि इंदूने असं ठरवलं आहे. दोन्ही भाग मीच घेतो. मधली भिंत थोडी तुझ्याकडे सरकवू. तुझ्या बाजूला एक खोली आणि स्वयंपाकघर, बाकी आमच्याकडे. हप्ता माझ्या पगारातून कटेल. तू जमेल तेव्हा जमेल तेवढं दे, न दे. पंचफुलाचं शिक्षण थांबू नये. इंदूने सांगितलं होतं, आपल्याला ओढाताण होईल हे भाऊजींना कळू देऊ नका. मी कळवून टाकलं. मला लपवता येत नाही.

एक खोली लहान वाटेल, पण माणसं आपलीच आहेत.

तुझा,
भगवान


फुलसावंगी,
ता. ११ जानेवारी १९६२

प्रिय भगवान,

भिंत सरकवू नको. तुझ्या पायी हात लावून सांगतो, भिंत आहे तिथंच राहू दे.

तुझं पत्र पंचफुलानं वाचलं. जमनी या वेळी शेवटपर्यंत बसून होती. पत्र संपलं तशी उठली, कणगीत हात घालून सगळी चांदी बाहेर काढली आणि अंगणात चिंचेनं घासत बसली. म्हणाली, "बलवा त्या सायबाले. पाहू दे त्याले."

मी नायकाकडे जाऊन हात जोडले आणि सांगितलं, की साहेब कर वसूल करायला नव्हता आला, कर्ज द्यायला आला होता. नायक कपाळावर हात मारून म्हणाला, "मंग आधी सांगाचं ना! कराचं बोलनं वेगळं, कर्जाचं बोलनं वेगळं." रात्री बैठक बसली. आता सगळा तांडा तयार आहे. साहेबांना फक्त पुन्हा एकदा पाठव.

माझ्या कमाईचा आकडा पत्रात लिहीत नाही. इथल्या टपालवाल्याची नजर फार चांगली आहे आणि त्याला तीन मेहुणे आहेत.

रामधन


यवतमाळ,
ता. १४ फेब्रुवारी १९६२

प्रिय रामधन,

हात जोडून साहेबांना पाठवलं होतं. काल परत आले. माझ्या टेबलासमोर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "वानखडे, त्या तांड्यात एकाच नावाचे दोन आडे आहेत का?"

आता त्यांच्या तोंडचंच लिहितो. बाबूसिंग नायकानं सांगितलं, की रामधनच्या हाताखालून गेल्याशिवाय या जिल्ह्यात एकही बैल विकला जात नाही. वर्षाला दहा हजार कुठं गेले नाहीत. देवीलालनं दहाचे बारा केले. त्या मानीबाईनं सांगितलं, "सायब, तो चहात बी बदाम टाकते." आणि जमनीवहिनी अशा काही चांदीनं लगडल्या होत्या, की उठताना त्यांना दोन बायांनी धरलं. साहेबांनी मला गुपचूप विचारलं, "एवढी चांदी एका बाईची असू शकते का?" मी म्हटलं, एका बाईची नसेल, एका तांड्याची असेल.

शेवटी साहेब म्हणाले, "पहिल्या अहवालाप्रमाणे या माणसाला सरकारनं धान्य द्यायला हवं. दुसऱ्याप्रमाणे सरकारनंच त्याच्याकडून कर्ज घ्यायला हवं. घर-कर्ज मात्र दोन्हीत बसत नाही. आणि त्या पोरीला मी खाऊला पाच रुपये दिले होते."

मी पुष्कळ विनवलं. तेव्हा ते म्हणाले, की आता कुणाचं बोलणं ऐकणार नाही. पुसदच्या बाजारात स्वतः बसून डोळ्यांनी पाहीन. पुढच्या आठवड्यात ते येतील. मी रजा काढून सोबत येतो. मार्च समोर आहे. पेटीवाला दोनदा प्लॉट पाहून गेला; परवा तर भिंतीच्या जागी उभा राहून टाळी वाजवून पाहत होता, आवाज घुमतो का ते.

आणि रामधन, आता मीही विचारतो. खरं किती? पस्तीस वर्षांचा मित्र आणि मला माहीत नाही, हे मला या आठ दिवसांत कळलं. ते काही बरं वाटलं नाही.

भगवान


फुलसावंगी,
ता. १२ मार्च १९६२

प्रिय भगवान,

पुसदच्या बाजारातून तू चहासुद्धा न घेता गेलास, त्याला पंधरवडा झाला. तुझं पत्र नाही. म्हणून मीच लिहितो.

तू विचारलं होतंस, म्हणून मी तुझा हात दुपट्ट्याखाली घेतला आणि बोटं धरून सांगितलं. शेतकऱ्याचा पोरगा तू, बोटांची भाषा तुला शिकवावी लागली नाही. बाजार उभा होता, साहेब उभे होते, आणि फक्त तुला कळलं की मी महिन्याकाठी तुझ्या दुप्पट कमावतो. तू हात काढून घेतलास. माझ्या अंगावरच्या कोटाकडे एकदा पाहिलंस. "मोटार सुटेल," म्हणालास. मोटार सुटायला तासभर होता.

तू गेल्यावर काय झालं ते आधी सांगतो, मग आपलं.

पहिल्या सौद्याला साहेब म्हणाले, "किंमत मोठ्यानं बोला, मला लिहायची आहे." तसे घेणारा आणि विकणारा दोघंही उठून चालू लागले. मी साहेबांना म्हटलं, "तुम्ही डोळ्यांनी पाहीन म्हणता, पण इथं पाहायला काही नसते. हात द्या." प्रत्येक सौदा झाला, की मला किती दलाली मिळाली ते त्यांच्या बोटांवर दाबायचं आणि त्यांनी लिहायचं, असं ठरलं. दुपारपर्यंत साहेबांना बोटं उमगली. पुढं ते आणखी दोन बाजारांना आले. एका बाजारात संध्याकाळपर्यंत एकही जोडी जुळली नाही. मी निवांत होतो, साहेबच घायकुतीला आले. "आडे, काहीतरी जुळवा हो! पाचशे म्हणतो तो, चारशे ऐंशीला येईल!" मी म्हटलं, "साहेब, हळू. तुम्ही माझा धंदा बसवाल."

मग त्यांनी चांगले बाजार घेतले, भोपळ्याचे बाजार घेतले, पावसाळ्याच्या महिन्यांत शून्य घातलं आणि आकडा काढला. हप्त्याला पुरून उरतो आणि सहा हजारांच्या पुष्कळ खाली आहे. पंच म्हणून सही करायला नायकाला बोलावलं आणि सांगितलं, "या खेपेला फक्त खरं सांगायचं." नायकानं टाक खाली ठेवला. मग म्हणाला, "खरंच सांगाचं होतं तं पयलेच सांगाचं ना बावा! आमी दोन-दोनदा कायले एवढी मेहनत केली?"

निघताना साहेबांनी विचारलं, "एवढं कमावता आणि कोट असा?"

मी म्हटलं, "साहेब, माझ्या अंगावर नवा कोट दिसला, की शेतकऱ्याला वाटते, हा माझ्याच बैलाच्या पैशाचा. तो हात देत नाही. फाटक्या कोपराच्या माणसाला तो म्हणते, ये बस, तू माह्यासारखाच. नवा कोट घालून बसणारे दलाल त्या तिकडे बसले आहेत, पाहा, माशा हाकलत." साहेब हसले आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

आता आपलं.

भगवान, चौथीत मी भाकर विसरत नव्हतो. घरी नसायचीच. तू तुझी अर्धी मोडून द्यायचास, आणि देताना तुझं तोंड असं काही उजळायचं, की पुढं आमच्या घरी भाकर होऊ लागली तरी मी ती रस्त्यात खाऊन यायचो आणि शाळेत पुन्हा तुझी अर्धी घ्यायचो. दीड भाकर खाणारा त्या वर्गात मी एकटाच होतो.

मग तू नोकरीला लागलास आणि कोट येऊ लागले. पहिल्याच कोटाला लिहिणार होतो, की बाबा, देव बरं देतो आहे, पाठवू नको. पण तुझ्या चिठ्ठीत होतं, 'थंडीत तुझी आठवण होते.' ते वाचून मी कोट अंगात घातला. बाजारात गेलो. त्या दिवशी तीन जोड्या जुळल्या. त्या आधी कधी एका दिवसात तीन जुळल्या नव्हत्या.

मी बैलाचे दात पाहून वय सांगतो. पण तुला राग आला की वाईट वाटलं, हे मला इथून सांगता येत नाही. आयुष्यभर दोघांचे हात धरून मधला आकडा जुळवला. हा सौदा मात्र मला जुळवता येईना. यात मी दलाल नाही. तू बोट पुढं कर.

वाट पाहतो.

रामधन


यवतमाळ,
ता. ३० मार्च १९६२

प्रिय रामधन यास,
स. न. वि. वि.

मंजुरी आली. काल दुपारी, मुदतीच्या दोन दिवस आधी. पेटीवाल्याला पुढच्या रांगेतलं घर मिळालं आहे. वाऱ्याची दिशा बदलली तरच ऐकू येईल.

त्या दिवशी मोटारीत मी रागावलो नव्हतो. हिशेब करत बसलो होतो. दरवर्षी इंदू म्हणायची, "हा कोट अजून एक हिवाळा निघेल." मी म्हणायचो, "मला कचेरीत कसली थंडी? रामधन उघड्यावर हिंडतो." आणि स्वतः हिवाळाभर खिडकी लावून बसायचो. ते सगळे हिवाळे पुसद ते यवतमाळ आठवत आलो. एकदम खूप थंडी वाजली, तीही फाल्गुनात.

दोन-अडीच आठवडे घरात बोललो नाही. शेवटी इंदूने खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. रामधन, ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" ती डोळे पुसत म्हणाली, "तुमचे कोट घालून भाऊजींनी घर उभं केलं. तेच कोट तुम्हीही घालत होता. तुम्ही काय उभं केलं?"  तुझं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. दीड भाकर वाचली तेव्हा मीही हसलो. आणि मग थोडा वेळ अंगणात जाऊन आलो.

मंजुरीच्या वेळी गावंडे साहेबांनी तुझा फॉर्म मला दाखवला. 'धंद्याची साधने व भांडवल' असा एक रकाना आहे. माझ्या फॉर्ममध्ये तिथं रेघ मारलेली आहे. तुझ्या फॉर्ममध्ये साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: 'दुपट्टा एक, कोट एक (जुना).' खाली कचेरीचा शिक्का आहे. म्हणजे सरकारदरबारी आता नोंद झाली, की तुझ्या धंद्याचं अर्धं भांडवल माझं आहे. दलालीतला वाटा मी मागत नाही. पण वर्षभराच्या अर्ध्या भाकरी तुझ्याकडे निघतात, त्या मात्र सोडणार नाही. जमनीवहिनींना सांग, भिंतीपलीकडून रोज एक आली पाहिजे, गरम.

पाडव्याला पाया खोदायचा आहे. नायकाला, देवीलालला, मानीबाईला सगळ्यांना घेऊन ये. फक्त त्यांना आधीच समजावून आण, की गवंडी घराची किंमत विचारत नाही, लांबी-रुंदी विचारतो. साहेबही येणार आहेत. पाच रुपयांचं ते पुन्हा काही बोलले नाहीत, पण पंचफुलाला त्यांच्यासाठी पेढे घेऊन पाठव.

यासोबत कोट पाठवतो आहे. थंडी संपली, पण तुझा पेरणीआधीचा धंदा आता सुरू होईल. हा मी गेल्या दिवाळीतच शिवला होता आणि कोपरं अगदी धड होती. असा कोट तुझ्या कामाचा नाही. म्हणून काल संध्याकाळी इंदूच्या पाट्यावर दोन्ही कोपरं घासली. उजवं छान उतरलं आहे. डाव्याला अजून थोडं हवं होतं, तेवढ्यात तिला पाट्यावर चटणी वाटायची होती. ते तू करून घे.

तुझा,
भगवान